मुंगळा लाकूड खात नाही, संपादक साहेब

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात मागच्या आठवड्यात घर-संसाराच्या पानावर एक छोटी चौकट आली होती, घरातल्या लाकूड खाणाऱ्या मुंग्यांबद्दल. त्यात मुंगळा आणि वाळवी दोघांनाही एकाच माळेत ओवलं होतं, दोघंही लाकूड खातात, दोघांनाही तेच औषध मारा असं. मी काही किडे शिकलेला माणूस नाही, पाच एकर कोरडवाहू आणि एक जुनं कवेलूचं (कौलारू) घर एवढीच इस्टेट, पण याच गैरसमजापायी मागच्या वर्षी माझे साडेचार हजार रुपये पाण्यात गेले म्हणून लिहायला बसलो. पत्र लांबलं तर कापा, पण मधला भाग ठेवा.

झालं असं की पोळ्याच्या आठवड्यात ओसरीवर एका ठिकाणी भुसा पडायला लागला. रोज सकाळी आमच्या घरची झाडून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच, मूठभर, बरोबर छताच्या एका बल्लीच्या, म्हणजे वाशाच्या, खाली. महालक्ष्म्या आठ दिवसांवर आल्या होत्या, घर सारवून-रंगवून झालं होतं, आणि वरून हे. माझ्या डोक्यात पहिला शब्द आला तो उधई. आमच्याकडे वाळवीला उधईच म्हणतात आणि तिची धास्ती काय असते ते ज्याच्या घरात सागाचं मयाल, म्हणजे छताची मोठी तुळई, आहे त्यालाच माहीत, कारण आता तसं लाकूड घ्यायला गेलं तर वावर विकावं लागेल. तालुक्याहून एक औषध मारणारा बोलावला. तो आला, मोबाइलचा टॉर्च मारून दोन मिनिटं वर पाह्यलं, म्हणाला वाळवी आहे, पूर्ण घर करावं लागते. मी म्हणलं कर बाबा. त्यानं भिंतीच्या कडेनं जमिनीत भोकं पाडली, औषध ओतलं, वास असा की दोन रात्री आम्ही अंगणात खाट टाकून झोपलो, आणि पैसे घेऊन गेला. महालक्ष्म्या बसल्या त्या दिवशी सकाळी पाहतो तर भुसा हजर.

पोरगा तोवर यूट्यूबवर बसून काहीतरी अमेरिकेचे व्हिडिओ पाहत होता, मोठ्या काळ्या मुंग्या भिंतीच्या आतलं लाकूड पोखरून पार पोकळ करून टाकतात वगैरे, तिकडे त्याला कार्पेंटर ॲन्ट म्हणतात म्हणजे सुतार मुंगी. तो म्हणे बाबा आपलं घर पडणार. व्हिडिओ खोटे नव्हते, फक्त घर त्यांचं होतं. तिकडची घरं उभीच मुळात लाकडाच्या सांगाड्यावर असतात, भिंतीच्या आत पोकळी, पोकळीत लाकूड, त्यात कुठं नळ गळला की वर्षानुवर्षं कोणाला पत्ता नाही. आपल्याकडे भिंत मातीची नाहीतर विटांची, लाकूड दिसतं ते डोळ्यासमोर, छताला आणि दारा-खिडकीच्या चौकटीला. पण जात-कुळी एकच हे मात्र खरं. आपला जो साधा काळा मुंगळा, गुळाच्या डब्याला येणारा, लहानपणी आपण ज्याला काडीनं डिवचायचो आणि मग बोटाला असा धरायचा की धड तुटेल पण जबडा सोडणार नाही, तो त्याच सुतार मुंग्यांच्या खानदानातला. शास्त्रात त्या खानदानाला कॅम्पोनोटस म्हणतात, जगभर हजाराच्या वर जाती आहेत, आणि आपल्या मुंगळ्याला कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस हे नाव फॅब्रिशियस नावाच्या डॅनिश माणसानं 1787 सालीच देऊन ठेवलंय. म्हणजे पेशवाई चालू होती तेव्हा कोणीतरी तिकडे आपल्या मुंगळ्याचं बारसं करत होता. असो.

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या रात्री नैवेद्याच्या ताटातल्या पुरणावर मुंगळे चढले. आमच्या घरची चप्पल घेऊन निघाली. तर माझी मोठी आई, ऐंशीच्या वर वय, डोळ्यानं कमी दिसते पण बाकी सगळं शाबूत, ती खाटेवरूनच ओरडली, "काहून मारतं वं त्याईले? कुठी जाते थे तं पाह्य आधी." आणि मग म्हणाली, "मुंगया लाकूड खात नाई, थो तेथी बिऱ्हाड करते." हे एक वाक्य जर मी पंधरा दिवस आधी विचारलं असतं तर साडेचार हजार वाचले असते.

मग आम्ही बाप-लेक रात्री बसलो. पोराच्या शाळेच्या प्रोजेक्टमधला लाल झिल्ली कागद टॉर्चला गुंडाळला, कारण मुंग्यांना लाल उजेड नीट दिसत नाही आणि पांढरा उजेड मारला की त्या बिचकतात, हे त्यानंच कुठंतरी वाचलेलं. मुंगळे दिवसा पण दिसतात पण खरा बाजार सूर्य बुडाल्यावर भरतो. ताटापासून रांग निघाली, रांग कसली दोन-दोन चार-चारच्या टोळ्या, देवघराच्या कोपऱ्यातून वर, भिंतीवरून, रंगवलेल्या भिंतीवर काळा दोरा सोडल्यासारखा, आणि वर जाऊन त्याच बल्लीत शिरत होते. तिथंच एक चीर होती, करंगळी जाईल एवढी. थोडा वेळ पाहत राह्यलो तर चिरीतून एक मुंगळा तोंडात लाकडाचा तूस घेऊन बाहेर आला, कडेपर्यंत आला, आणि टाकला खाली. परत आत. मग दुसरा आला. आपण पाटीनं मलबा काढतो ना घराचं काम चालू असताना, डिट्टो तसंच. म्हणजे तो भुसा कोणी खाऊन उरलेला नव्हता, खोदून बाहेर फेकलेला होता.

संपादक साहेब, सगळा फरक इथंच आहे. उधई लाकूड खाते, पचवते, तिच्या पोटातल्या सूक्ष्म जिवांची तिला त्यात मदत होते, आणि म्हणून ती भुसा टाकत नाही, टाकायला उरतच नाही. ती येते तेव्हा मातीची नळी करून येते, भिंतीवर पेन्सिलीएवढी ओली मातीची रेघ, त्याच्या आतून चालते कारण तिला उजेड आणि वारा सोसत नाही. मुंगळ्याला लाकूड पचतच नाही. त्याचं खाणं गोड आणि किडे. कपाशीवर मावा आला की झाडावर मुंगळ्यांची चढ-उतर सुरू होते ती तुम्ही-आम्ही सगळ्यांनी पाह्यली आहे, आपल्याला वाटते तो मावा खातो, तो खात नाही राजेहो, मावा जो चिकट गोड रस सोडतो तो चाटतो, उलट माव्याची राखण करतो. आमच्याकडे लोक म्हणतात मुंगळा आला म्हणजे कीड खाऊन टाकेल. काही खातोही, पण माव्याच्या बाबतीत तो आपला नाही, तो माव्याचा माणूस.

भुसा हातात घेऊन पाहायचा, हे कोणी सांगत नाही. मी सकाळी कागदावर घेऊन उन्हात पसरला. जाडाभरडा, पेन्सिल छिलल्यावर पडतो तसा तुसा-तुसाचा, आणि त्यात मुंगळ्याचे तुटके पाय, डोकं, कुठल्यातरी पतंगाचा पंख, असा सगळा उकिरडा. हा मुंगळ्याचा. हाच भुसा जर मैद्यासारखा बारीक असता आणि बांबूला नाहीतर फळीला सुईनं टोचल्यासारखी भोकं असती तर तो घुणा, लाकूड पोखरणारा बारका किडा, ती वेगळीच गोष्ट. बोट जाईल एवढं गोल गरगरीत भोक आणि भोवती काळा मोठा भवरा घोंगावतोय तर तो भवराच, पोखरणारा. आणि कोरड्या लाकडात राहणारी एक उधई असते तिच्या लेंड्या खसखशीसारख्या कणीकणीच्या पडतात. म्हणजे चार जण चार प्रकारचा कचरा करतात आणि आपण चौघांवर एकच औषध ओततो. ज्यानं माझ्याकडून पैसे घेतले त्यानं भुसा वाकून उचललासुद्धा नव्हता, हा माझा खरा राग आहे. औषध वाईट नसेल, मारलं कोणासाठी तेच माहीत नव्हतं.

पंखवाल्यांचाही असाच घोळ होतो. पहिल्या पावसानंतर बल्बभोवती जी पाखरं येतात आणि सकाळी पंखांचा ढीग पडलेला असतो ती बहुतेक उधईची असतात. हातात धरून पाहा, उधईची कंबर जाड, शरीर सरळसोट, चारी पंख सारख्या लांबीचे, मिशा मण्याच्या माळेसारख्या सरळ. मुंगळ्याची कंबर दोऱ्यासारखी बारीक, मिशा कोपरात वाकलेल्या, पुढचे पंख मोठे मागचे लहान. हे एकदा पाह्यलं की आयुष्यात चूक होत नाही. पंखवाले मुंगळे दाराबाहेरून एक-दोन आले तर काही नाही, पण घरातल्याच एखाद्या चिरीतून भराभर निघायला लागले तर समजायचं बिऱ्हाड आत आहे आणि नवं नाही, जुनं आहे, कारण नवा संसार लगेच पंखवाली पोरं काढत नाही, त्याला काही वर्षं लागतात. आणि एकाच रांगेत लहान-मोठे मुंगळे दिसले, कोणी अर्धा-पाऊण सेंटीमीटर, कोणी दीड, मोठ्या डोक्याचा, तर ते वेगवेगळ्या जातीचे नसतात, एकाच राणीची लेकरं असतात. आमचा पोरगा मोठ्या डोक्याच्याला पोलीस पाटील म्हणतो.

आता बल्लीचं. दुसऱ्या दिवशी सुतार बोलावला, आमच्याच गावचा, त्यानं शिडीवर चढून पेचकसाच्या मुठीनं बल्ली ठोकली. इकडे ठोकली तर टणक, तिकडे ठोकली तर भद्द. आणि त्या भद्दच्या जागी कान लावला तर आतून सळसळ, पळसाच्या वाळक्या पानांवरून कोणी चालावं तशी. मुंगळ्यांना धक्का लागला की ते आतून लाकडावर आपटून एकमेकांना सावध करतात, त्यामुळं आवाज येतो. कवेलू बाजूला केले, बल्ली उतरवली, अंगणात आणून मधोमध चिरली. काय कारागिरी साहेब! लाकडाच्या रेघेच्या अंगानं लांबच लांब गल्ल्या, एकावर एक मजले, मधे पातळ भिंती, आणि सगळं असं गुळगुळीत की पॉलिश पेपर मारल्यासारखं. माती नाही, चिखल नाही, घाण नाही. सुतार म्हणाला मला पण एवढं फिनिशिंग जमत नाही. उधईनं खाल्लेलं लाकूड पाह्यलंय ना, आत माती भरलेली असते, खडबडीत, हात लावला की भुगा. इथं एका कप्प्यात मळकट पांढरे लांबट तांदळासारखे दाणे भरलेले, लोक त्याला अंडी म्हणतात, अंडी याहून खूप बारीक असतात, हे कोष, त्यात मुंगळा तयार होत असतो. ते उघडे पडल्याबरोबर मुंगळ्यांनी दुसरं काही केलं नाही, एकेक कोष तोंडात धरून निघाले. मोठ्या आईला खाटेवर आणून बसवलं होतं, ती म्हणाली, "लेकरं घेऊन निंगाले बिचारे." आमच्या घरचीनं मग चप्पल ठेवून दिली.

आणि बल्लीचं खरं दुखणं तर वेगळंच निघालं. घरातलं मयाल, फाटे सगळे आजोबांच्या काळातल्या सागाचे, त्यांना मुंगळ्यानं नखसुद्धा लावलं नव्हतं. ही एकच बल्ली निलगिरीची, दहा-बारा वर्षांपूर्वी दुरुस्तीत मीच स्वस्तात टाकलेली. तिच्यातही वरचा दोन हात भागच पोखरलेला, कारण बरोबर त्याच्यावरचे दोन कवेलू फुटलेले होते आणि पूर्ण पावसाळा पाणी झिरपून लाकूड काळं पडून नरम झालं होतं, बोटानं सोलून निघत होतं. मुंगळ्याला हेच पाहिजे असते. एक तर नरम लाकूड खोदायला सोपं, दुसरं त्याच्या अंड्यांना-पिलांना दमट हवा लागते, कोरड्यात ती सुकून जातात. एरवी आपला मुंगळा जास्त करून जमिनीतच राहतो, झाडाच्या बुडाशी मातीत. आमच्या मुंगळ्यांचाही मूळ वाडा परसातल्या निंबाच्या बुडाशीच निघाला, निंबाची एक फांदी छपरावर टेकलेली होती आणि तिच्यावरून त्यांचा हायवे. बल्लीतली होती ती शाखा. मोठं घर एकीकडे, शेतातली झोपडी दुसरीकडे, तसं.

आणि कवेलू कोणी फोडले? काळ्या तोंडाच्या वानरांनी. आता हसा. यवतमाळ-वाशीमकडच्या कुठल्याही गावात विचारा, कवेलूच्या घरावर वानरांची टोळी दिवसाआड नाचते, चिंचेवरून छपरावर, छपरावरून निंबावर. वानरांनी कवेलू फोडला, फुटक्या कवेलूतून पाणी आलं, पाण्यानं बल्ली सडली, सडक्या बल्लीत मुंगळ्यानं संसार मांडला, आणि औषध कुठं ओतलं तर भिंतीच्या पायात. म्हणून म्हणतो, घराच्या लाकडात मुंगळा दिसला तर तो चोर नाही, तो तलाठ्यासारखा, ओल कुठं आहे त्याचा पंचनामा करून देणारा. कवेलू, पन्हाळी, न्हाणीघराची चौकट, टाकीच्या खालचा पाट, मागच्या दाराचा उंबरठा, यातलं कुठंतरी पाणी मुरत असतेच.

करायला काय लागलं म्हणाल तर, दोन कवेलू, एक नवी बल्ली, निंबाची टेकलेली फांदी छाटली, आणि भिंतीला लावून ठेवलेली पऱ्हाटी-तुराटीची रास तिथून हलवून वीस पावलं लांब केली, कारण त्या राशीखाली ओलावा आणि त्याच्यावरून भिंतीवर चढायला शिडी, दोन्ही आपणच करून देतो. सुताराची मजुरी धरून सगळा खर्च औषधवाल्याच्या निम्म्याहूनही कमी. उरलेसुरले जे चिरीत होते त्यांच्यासाठी बोरिक पावडर, कॅरमवर टाकतात ती, वाटीभर गुळाच्या पाण्यात अगदी चिमूटभर, कापसाच्या बोळ्यानं रांगेच्या बाजूला ठेवली. चिमूटच. जास्त घातली तर मुंगळा वाटेतच मरतो, कमी घातली तर तो गोड समजून घरी नेतो, राणीला आणि पिलांना भरवतो, आठ-दहा दिवसांत सगळं शांत. लेकरं आणि कोंबड्या त्याच्यापर्यंत पोचणार नाहीत अशा जागी ठेवा हे सांगायला नको, तरी सांगतो. स्प्रे मारून मात्र काही होत नाही, दिसतात ते मरतात, घरातले घरातच राहतात.

एक गोष्ट मला हात जोडून लिहायची आहे. गावात मी डोळ्यानं पाह्यलंय की लोक कपाशीसाठी आणलेलं उरलेलं औषध घरात मारतात, मुंगळ्यावर, ढेकणावर, पार लेकरांच्या डोक्यातल्या उवांवरसुद्धा. हे शेतातलं विष आहे, बंद खोलीत मारायचं नाही. 2017 साली आमच्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-मजूर गेले, ते तर उघड्या वावरात होते. मुंगळा चावला तर काय होते, फॉर्मिक ॲसिडचा फवारा मारतो, चुरचुरते, चुनाळीतला थोडा चुना लावला की ॲसिड मरते, मोठे लोक तेच करत आले. त्याच्यासाठी घरात विष आणायची गरज नाही.

आणि तरीही कोणाला ओळखू आलं नाही की उधई का मुंगळा, तर दोन-चार किडे आणि चमचाभर भुसा काचेच्या बाटलीत टाकून जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा, नाहीतर अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात कीटकशास्त्राचा विभागच आहे. पैसे देण्याआधी बाटली भरा. उधई निघाली तर मग औषधवाल्याला बोलवा, तिथं कंजूषी करू नका, उधईला खरंच ट्रीटमेंट लागते.

तुमच्या त्या चौकटीत दुरुस्ती छापा एवढीच विनंती. माझं नाव छापलं नाही तरी चालेल, औषधवाला ओळखीचा आहे, रोज बस स्टँडवर भेटतो आणि अजून पण विचारतो, "काय भाऊ, वाळवी गेली न?" मी हो म्हणतो.

बाकी आज सकाळीच टोळी येऊन गेली, न्हाणीवरचे तीन कवेलू फुटले आहेत आणि आभाळ भरून आलंय, शिडी लावतो.

आपला,
एक शेतकरी वाचक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ